ठशातली 'मी' आणि कारखान्यातले 'आम्ही'

प्रस्थापित टीकाकारांचं एक लाडकं मत आहे. कला म्हणे एकट्यानं करायची गोष्ट. चार माणसांनी त्यात तोंड घातलं की ती बाटते, तिचं पत्रक होतं. आपल्यातलेही काही जण हेच बोलायला लागलेत. त्यांच्यावर तुटून पडणारे दुसरे म्हणतात, 'मी' गेला खड्ड्यात, फक्त 'आम्ही' पाहिजे. दोघांनीही एलिझाबेथ कॅटलेटचे लिनोकट बघावेत.

कोण ही बाई? १९१५ साली वॉशिंग्टनमध्ये जन्मलेली काळी शिल्पकार. तिचे आजी-आजोबा गुलामीतून आलेले. कार्नेगी इन्स्टिट्यूटनं वर्णावरून तिला प्रवेश नाकारला. आयोवा विद्यापीठानं १९४० साली शिल्पकलेची पदवी दिली, पण वसतिगृहात जागा दिली नाही. पुढं हार्लेमच्या कार्व्हर स्कूलमध्ये, दिवसभर राबून आलेल्या बायकांना ती शिल्पकला शिकवायची आणि कपडे शिवायलाही शिकवायची. काळ्या बायकांवर चित्रमालिका करायला तिला फेलोशिप मिळाली. १९४६ ला ती मेक्सिकोला गेली आणि 'टायेर दे ग्राफिका पोप्युलार'मध्ये काम करू लागली.

टायेर म्हणजे कामाची जागा, कारखाना. लोकांसाठी छापचित्रं काढणारा हा कारखाना लिओपोल्दो मेंडेझ, पाब्लो ओ'हिगिन्स आणि लुईस आरेनाल यांनी १९३७ साली काढला. रीत सरळ होती. युनियनला पोस्टर पाहिजे, साक्षरतेच्या वर्गाला चित्रं पाहिजेत, की विषय बैठकीत यायचा. कच्चं चित्र सगळ्यांसमोर ठेवायचं. हे कळत नाही, ते जास्तीचं आहे, असं तोंडावर ऐकायचं. मग दुरुस्ती, मग लिनो कापणं, मग स्वस्त कागदावर छपाई. लिनोच का? स्वस्त, मऊ, पटकन कापला जातो आणि प्रती भरपूर निघतात. कोरून काढलं ते कागदावर पांढरं राहतं, उरलं ते काळं उमटतं. एकदा कोरलेली रेघ पुन्हा भरता येत नाही. स्टेन्सिल कापणाऱ्या आपल्या पोरांना हा धाक वेगळा सांगायला नको.

या कारखान्यात १९४६-४७ मध्ये पंधरा लिनोकटांची 'द नीग्रो वूमन' ही मालिका झाली. पुढं कॅटलेटनंच तिचं नाव 'द ब्लॅक वूमन' केलं. चित्रांच्या नावांतून एक बाई 'मी' म्हणून सलग बोलत राहते. पण ही 'मी' कोण? एका ठशात शेतात राबणारी. दुसऱ्यात दुसऱ्याच्या घरात झाडू धरलेली. पुढं गुलामांना पळवून नेऊन मोकळं करणारी हॅरिएट टबमन. मग बसमध्ये काळ्यांसाठी राखलेल्या सीटवर बसलेली. एका ठशात गळ्यात फास असलेला माणूस जमिनीवर पडलाय आणि वर नुसते पाय दिसतात, तोंडं नाहीत. चेहरे बदलत जातात, 'मी' तीच राहते. शिकून पुढं गेलेली बाई झाडूवालीच्या तोंडानं बोलते, तेव्हा हा अधिकार तिला कुणी दिला, असं विचारलं पाहिजे. माझ्या मते तो फक्त जन्मानं आलेला नाही. कार्व्हर स्कूलच्या वर्गात तो तयार झाला आणि टायेरच्या बैठकीत तावून निघाला. जिच्यासाठी चित्र आहे तिला ते एका नजरेत कळलं पाहिजे, ही अट त्या बैठकीची.

याच वळणाचा १९५२ चा तिचा 'शेअरक्रॉपर' घ्या. दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणारी म्हातारी. डोक्यावर रुंद गवती टोपी, चेहऱ्यावर बारीक रेघांचं जाळं. आपण खालून वर बघतोय, म्हणून ती मोठी दिसते. आणि गळ्याशी अंगातलं जाकीट धरून ठेवणारी एक सेफ्टी पिन. बटण तुटलंय, नवं लावलेलं नाही. सगळं दारिद्र्य तेवढ्या पिनेत आलं. कीव मागणारी एकही रेघ नाही. म्हणजे दहा जणांनी बघून पुढं जाऊ दिलेल्या रीतीत नजर बोथट होते, हे खोटं. उलट तिला नेमकं काय ठेवायचं ते कळतं.

पण आरती ओवाळायची गरज नाही. मालिकेतला शेवटचा, समतेचा हक्क मागणारा ठसा मला कमी भिडतो. तिथं नाव चित्राच्या पुढं धावतं. टायेरमध्येही भांडणं झाली. १९६० च्या सुमारास खुद्द मेंडेझ बाहेर पडला, १९६६ ला कॅटलेटही. सामूहिक काम कायमचं टिकतं अशी हमी कुणी देऊ नये. आणि त्याची किंमतही असते. १९६२ साली तिनं मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं. अमेरिकेनं तिला नकोशी परकी ठरवून दार लावलं. हार्लेममधल्या तिच्या प्रदर्शनासाठी ते १९७१ ला उघडलं. २०१२ ला ती मेक्सिकोतच गेली.

दोस्तांनो, आपल्या पानांवर 'मी' भरपूर आहे, असावाच. पण कविता छापायला देण्याआधी ती वस्तीत वाचून दाखवतो का आपण? 'इथं कळत नाही' असं कुणी म्हटलं तर ओळ खोडतो का, की त्यालाच अडाणी ठरवतो? पुढच्या अंकाची बैठक तिथंच घ्या. कच्चा मजकूर घेऊन या.