स्कॉटिश साहित्याचे शालेय अध्यापन : सक्तीनंतरचा प्रश्न

बर्न्स, स्कॉट, स्टीव्हन्सन हे लेखक आपल्याकडे ‘इंग्रजी साहित्य’ या नावाखालीच शिकविले जातात. खुद्द स्कॉटलंडच्या शाळांतही दीर्घकाळ फारशी वेगळी स्थिती नव्हती. १८७२ च्या कायद्याने तेथे शालेय शिक्षण सक्तीचे केले. मात्र त्यात गेलिक भाषेचा उल्लेखही नव्हता. स्कॉट्स भाषा तर अशुद्ध बोली मानून वर्गाबाहेर ठेवली गेली. या पार्श्वभूमीवर, ‘हायर’ या शालान्त परीक्षेच्या इंग्रजी विषयात स्कॉटिश साहित्यकृतीवरील प्रश्न अनिवार्य करण्याचा तेथील सरकारचा २०१२ मधील निर्णय महत्त्वाचा ठरतो. २०१५ च्या परीक्षेपासून तो अमलात आला. तथापि, साहित्याला प्रवेश मिळाला म्हणजे न्यायही मिळाला, असे म्हणता येत नाही.

पहिल्या यादीतील दोन उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. लुईस ग्रासिक गिबन यांच्या ‘सनसेट साँग’ (१९३२) या कादंबरीची नायिका क्रिस गथ्री दुभंगलेली आहे. एक क्रिस पुस्तकांची व इंग्रजीची, तर दुसरी मातीची व घरच्या बोलीची. ही दुभंग शाळेनेच रुजविलेली आहे. म्हणजेच, ज्या शाळेत ही कादंबरी नेमली गेली, त्याच संस्थेवरील ती एक साक्ष आहे. गिबन यांनी इंग्रजी गद्यात स्कॉट्सची लय मुरवून या साक्षीला भाषेचे रूप दिले.

दुसरे उदाहरण सोर्ली मॅक्लीन यांचे. रासे बेटावर जन्मलेला हा गेलिक कवी प्लॉक्टन येथील शाळेचा मुख्याध्यापक होता आणि गेलिक नव्याने शिकणाऱ्यांसाठी वेगळी परीक्षापत्रिका असावी म्हणून तो झगडला. इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत मात्र त्याची ‘हॅलेग’ ही कविता इंग्रजी अनुवादातून आली. अनुवाद कवीचाच असला, तरी मूळ नाद त्यात राहत नाही.

परीक्षेची रीतही विचारात घ्यावी लागते. छापील उताऱ्यावर प्रश्न विचारले जातात. शेवटच्या प्रश्नात त्या उताऱ्याचा उर्वरित कृतीशी किंवा त्या लेखकाच्या अन्य रचनांशी संबंध दाखवावयाचा असतो. या प्रश्नामागील हेतू स्तुत्य आहे. परंतु नेमलेल्या कृती मोजक्या असल्याने तयार उत्तरे पाठ करण्याचा मोह बळावतो. शिवाय उत्तरे इंग्रजीतच लिहावयाची असल्याने भाषेचा संघर्ष ‘आशय’ म्हणून शिकविला जातो, अनुभव म्हणून नव्हे.

सक्ती रद्द करणे हा यावरील उपाय नव्हे. ती नसती तर ही पुस्तके अनेक वर्गांत पोहोचलीच नसती. आवश्यकता आहे ती अनुवादाशेजारी मूळ गेलिक कविता ठेवण्याची, स्कॉट्स उतारा मोठ्याने वाचण्याची आणि लेखकाने तोच शब्द का निवडला, हे विचारण्याची. २०२५ च्या कायद्याने गेलिक व स्कॉट्स या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा दिला आहे. हा दर्जा वर्गात ऐकू येतो की नाही, हीच स्कॉटिश साहित्याच्या अध्यापनाची खरी कसोटी ठरेल.