चाहत्यांनी घडविलेली परंपरा : गॅरेज रॉक, पंक आणि फॅनझिनमधील समीक्षा

गोषवारा :
१९६० च्या दशकातील अमेरिकन गॅरेज रॉक आणि १९७० च्या दशकातील पंक या दोन संगीतप्रवाहांना जोडणारा दुवा वादकांइतकाच त्यांच्या चाहत्यांनी निर्माण केला. विस्मृतीत गेलेल्या तबकड्यांचा शोध, त्यांचे संकलन आणि घरगुती साधनांनी काढलेली फॅनझिन हे या दुव्याचे मुख्य आधार होत. प्रस्तुत लेखात 'नगेट्स' हे संकलन आणि 'स्निफिन ग्लू' हे फॅनझिन केंद्रस्थानी ठेवून चाहत्यांच्या लेखनाचे समीक्षा म्हणून मूल्यमापन केले आहे, तसेच या समीक्षेच्या मर्यादाही तपासल्या आहेत.

बीजसंज्ञा : गॅरेज रॉक, पंक, फॅनझिन, लोकप्रिय संगीत, समीक्षा, परंपरानिर्मिती.

प्रस्तावना :
कोणत्याही कलेची परंपरा कोण ठरवितो, हा समीक्षाशास्त्रातील जुना प्रश्न आहे. साहित्याच्या बाबतीत विद्यापीठे, पाठ्यपुस्तके, पारितोषिके आणि प्रतिष्ठित नियतकालिके यांच्याकडे हा अधिकार असतो, असे सामान्यतः मानले जाते. लोकप्रिय संगीताच्या क्षेत्रात त्याची जागा प्रायः खपाचे आकडे घेतात. गॅरेज रॉकचे उदाहरण मात्र या दोन्ही चौकटींत बसत नाही. हे संगीत घडत असताना त्याला स्वतंत्र प्रकार म्हणून नावही नव्हते. त्यातील बहुसंख्य तबकड्या आपल्या गावाबाहेर पोहोचल्या नाहीत आणि विद्यापीठांनी तर त्यांची दखलच घेतली नाही. तरीही आज या संगीताला निश्चित इतिहास आहे, मान्य कृती आहेत आणि अभ्यासकही आहेत. ही परंपरा चाहत्यांनी घडविली. म्हणून त्यांच्या प्रेमाला केवळ भाबडा उत्साह म्हणावे, की त्यात समीक्षेची काही शिस्त होती, हे पाहणे अगत्याचे ठरते.

गॅरेज रॉकचे स्वरूप :
९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स अमेरिकन दूरचित्रवाणीवर एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात झळकले आणि त्यानंतर अमेरिकेतील गावोगावी शाळकरी मुलांनी वाद्यवृंद उभे केले. त्यांच्या सरावाची जागा बहुधा घरातील मोटार ठेवण्याची खोली असे. त्यावरूनच या प्रकाराला पुढे 'गॅरेज' हे नाव मिळाले. तीन-चार सूरमेळ, खरखरीत गिटार, स्वस्त ऑर्गन आणि ओरडून गायलेले शब्द ही त्याची ढोबळ लक्षणे होत. स्थानिक ध्वनिमुद्रण कंपन्या यांच्या काहीशे प्रती काढीत, गावातील रेडिओ केंद्र त्या आठवडाभर वाजवी आणि मुले महाविद्यालयात किंवा सैन्यात गेली की वृंद विसर्जित होई.

या प्रवाहाची मुळे १९६४ च्या आधीची आहेत. 'लुई लुई' हे गीत लॉस एंजेलिसच्या रिचर्ड बेरी या कृष्णवर्णीय गायकाने १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. पोर्टलंडच्या 'किंग्जमेन' या वृंदाने १९६३ मध्ये ते इतक्या अस्पष्ट उच्चारांत गायले, की त्यात अश्लील शब्द असल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या संघीय तपास यंत्रणेने चौकशी केली. तबकडी निरनिराळ्या गतींनी वाजवूनही शब्द कळत नाहीत, असा निष्कर्ष अखेर निघाला. हा प्रसंग विनोदी असला तरी सूचक आहे. या संगीतात अर्थ शब्दांपेक्षा आवेगात होता आणि शब्दांचा अर्थ लावणारी प्रस्थापित समीक्षा त्याच्यापुढे निरुपयोगी ठरत होती. त्यासाठी वेगळ्या कानांची आणि वेगळ्या भाषेची गरज होती.

'नगेट्स' : संकलन हीच समीक्षा :
ही भाषा घडविण्याचा महत्त्वाचा प्रयत्न १९७२ मध्ये झाला. इलेक्ट्रा कंपनीचे प्रमुख जॅक होल्झमन यांच्या पुढाकाराने लेनी के यांनी १९६५ ते १९६८ या काळातील २७ गीतांचे 'नगेट्स' हे दोन तबकड्यांचे संकलन सिद्ध केले. के हे त्या वेळी न्यूयॉर्कमधील जुन्या तबकड्यांच्या दुकानात काम करीत आणि संगीतविषयक नियतकालिकांत लिहीत. किशोरवयात विज्ञानकथांच्या चाहत्यांमध्ये वावरताना त्यांनी स्वतःचे फॅनझिनही काढले होते. 'फॅनझिन' ही संज्ञाच मुळात १९४० मध्ये विज्ञानकथांच्या चाहत्यांमध्ये जन्मली, हे येथे लक्षात घ्यावे लागेल. चाहत्याने केवळ आस्वाद घेऊन न थांबता लिहावे, छापावे आणि पत्राने उत्तर मागवावे, ही प्रथा रॉक संगीताने तेथूनच उचलली.

'नगेट्स'चे महत्त्व त्यातील गीतांइतकेच त्यांच्या निवडीत आहे. ज्या वृंदांचा एकमेकांशी परिचयही नव्हता, त्यांची एकेकटी गीते शेजारी ठेवल्यावर त्यांच्यातील साम्य प्रथमच ऐकू आले. संकलनासोबतच्या टिपणात के यांनी या वृंदांसाठी 'पंक रॉक' ही संज्ञा वापरली. त्याआधी १९७१ मध्ये 'क्रीम' मासिकात डेव्ह मार्श यांनी 'क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्स' या मिशिगनमधील वृंदाविषयी लिहिताना हाच शब्द योजिला होता. म्हणजे 'पंक' हे नाव रामोन्स किंवा सेक्स पिस्टल्स यांच्या जन्मापूर्वी समीक्षेत आलेले होते आणि ते मागे वळून पाहताना सुचलेले होते. टीकाकाराने भूतकाळाचे वर्णन करण्यासाठी घडविलेली संज्ञा पुढच्या पिढीतील कलावंतांचे नाव ठरावी, असे प्रसंग कलेतिहासात विरळ आहेत. के स्वतः पॅटी स्मिथ यांच्या वृंदाचे गिटारवादक म्हणून न्यूयॉर्क पंकच्या उदयात सहभागी झाले. आस्वादक, संकलक, समीक्षक आणि वादक या चारही भूमिका त्यांच्या ठिकाणी एकत्र आल्या.

ग्रेग शॉ यांचे कार्य याला समांतर आहे. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे 'मोजो नॅव्हिगेटर' आणि १९७० पासून 'हू पुट द बॉम्प' ही नियतकालिके त्यांनी काढली. १९७४ मध्ये त्यातूनच 'बॉम्प' ही ध्वनिमुद्रण संस्था उभी राहिली. शॉ यांच्या नियतकालिकात स्थानिक वृंदांच्या याद्या, तबकड्यांचे क्रमांक, वादकांची नावे यांना मोठे स्थान असे. वरवर पाहता ही कोरडी जंत्री वाटते. परंतु ज्या संगीताचा कोठेही दस्तऐवज नव्हता, त्याच्या बाबतीत सूची करणे हे समीक्षेचे पहिले पाऊल होते. हस्तलिखितांचा शोध आणि पाठनिश्चिती यांवाचून प्राचीन साहित्याची समीक्षा उभी राहत नाही, हे मराठीच्या अभ्यासकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

'स्निफिन ग्लू' : वाचकाचा लेखक होतो :
जुलै १९७६ मध्ये लंडन येथे मार्क पेरी या तरुण बँक कारकुनाने 'स्निफिन ग्लू' हे फॅनझिन सुरू केले. रामोन्सच्या संगीताने तो भारावला होता आणि त्यांच्याविषयी वाचावयास पुरेसे काही मिळत नव्हते. टंकलेखन यंत्रावर उमटविलेला मजकूर, जाड लेखणीने लिहिलेले मथळे, खोडलेली आणि तशीच ठेवलेली अक्षरे, झेरॉक्स केलेली आणि कोपऱ्यात टाचलेली पाने असे त्याचे रूप होते. पहिल्या अंकाच्या सुमारे ५० प्रती निघाल्या. वर्षभरात खप हजारांवर गेला आणि १९७७ मध्ये पेरीने हे नियतकालिक स्वतःच बंद केले.

या लेखनाची शैली विचारात घेण्यासारखी आहे. त्यात वाक्यरचना सैल आहे, शुद्धलेखनाची पर्वा नाही आणि मते टोकाची आहेत. पण त्यामागे एक स्पष्ट भूमिका दिसते. लिहिणारा त्याच गर्दीत उभा राहून, ऐकलेले ताजे असतानाच लिहितो. कार्यक्रम ऐकून घरी गेल्यावर त्याच रात्री लिहिलेल्या मजकुराची ऊब त्यात टिकून राहते. व्यावसायिक संगीत साप्ताहिकांतील समीक्षक वाचकाला निर्णय सांगत. पेरीने मात्र आपल्या वाचकांना, केवळ हे वाचून समाधान मानू नका, स्वतःची फॅनझिन काढा, असे आवाहन केले. त्याचा परिणाम तत्काळ दिसला. ग्लासगोतील 'रिप्ड अँड टॉर्न', लंडनमधील 'लंडन्स आउटरेज' ही १९७६ मधीलच नियतकालिके होत. गिटारवरील तीन सूरमेळांच्या आकृत्या देऊन वाचकाला वृंद काढण्यास सांगणारे प्रसिद्ध चित्र जानेवारी १९७७ मध्ये 'साइडबर्न्स' या फॅनझिनमध्ये आले. अनेकदा ते चुकीने 'स्निफिन ग्लू'च्या नावावर नोंदविले जाते.

मराठी वाचकाला येथे १९६० नंतरच्या लघुअनियतकालिकांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. दोन्हीकडे चक्रमुद्रणासारखी स्वस्त साधने आणि प्रस्थापितांविषयीची नाराजी आहे. तथापि साम्य येथेच संपते. लघुअनियतकालिके ही मुख्यतः लेखकांची चळवळ होती. फॅनझिन ही श्रोत्यांची चळवळ होती आणि तिचा हेतू आपल्याला आवडलेले दुसऱ्याच्या कानापर्यंत पोहोचविणे हा होता. या दोहोंत थेट संबंध जोडणे इतिहासाला धरून होणार नाही.

चाहत्यांच्या समीक्षेच्या मर्यादा :
या चळवळीचे गुणगान करताना तिचे दोष झाकणे योग्य नव्हे. पहिला दोष संग्राहकवृत्तीचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'पेबल्स' आणि १९८३ पासून टिम वॉरन यांची 'बॅक फ्रॉम द ग्रेव्ह' या संकलनमालांनी आणखी अनोळखी तबकड्या उजेडात आणल्या. त्याबरोबरच दुर्मीळता हाच गुण मानण्याची प्रवृत्ती बळावली. जे कमी लोकांनी ऐकले ते अधिक अस्सल, हा निकष सौंदर्याचा नसून मालकीचा आहे. काही संकलने मूळ वादकांची परवानगी वा मोबदला यांवाचून निघत. प्रेमाच्या नावाखाली हक्काचा प्रश्न असा मागे पडला.

याचे एक उदाहरण भारताशी निगडित आहे. 'सिमला' या सिगारेटच्या नावाने मुंबईत भरविल्या जाणाऱ्या वाद्यवृंद स्पर्धेतून १९७० आणि १९७१ मध्ये दोन तबकड्या निघाल्या. देशातील निरनिराळ्या शहरांतील तरुण वृंद त्यात होते. भारतात त्या जवळजवळ विसरल्या गेल्या आणि पुढे परदेशातील गॅरेज रॉकच्या संग्राहकांनी त्यांना मोल दिले, त्यांच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या. या संगीताचे जतन दूरच्या चाहत्यांनी केले, हे ऋण मान्य करावे लागेल. मात्र त्या वृंदांचा सामाजिक संदर्भ, ती मुले कोणत्या घरांतील होती, इंग्रजीतूनच का गात होती, हे प्रश्न संग्राहकाच्या कक्षेत येत नाहीत. ते अभ्यासकांनीच विचारावयाचे आहेत.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. समूहाची आवड एकदा निश्चित झाली की समूहाबाहेरचा आवाज ऐकू येईनासा होतो. 'लुई लुई'चा कर्ता कृष्णवर्णीय होता, 'मिस्टेरियन्स' हे मेक्सिकन वंशाच्या स्थलांतरित कुटुंबांतील तरुण होते. तरीही गॅरेज आणि पंक यांची प्रतिमा गोऱ्या मुलांचे संगीत अशीच रूढ झाली. १९७९ मध्ये लेस्टर बँग्ज यांनी 'व्हिलेज व्हॉइस'मधील निबंधात न्यूयॉर्कच्या पंक वर्तुळातील वंशद्वेषावर कठोर टीका केली. त्या वर्तुळाचा सर्वांत उत्कट चाहता असलेल्या लेखकाने ती करावी, यातच तिचे मोल आहे. चाहता स्वकीयांविरुद्धही साक्ष देऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

स्त्रियांच्या बाबतीत हेच घडले. १९६० च्या दशकातील डेट्रॉइटच्या 'प्लेझर सीकर्स'सारखे मुलींचे वृंद प्रारंभीच्या संकलनांत उपेक्षित राहिले. १९९१ च्या सुमारास अमेरिकेतील ऑलिंपिया येथे उदयास आलेल्या 'रायट गर्ल' चळवळीने या उपेक्षेला उत्तर दिले आणि त्यासाठी साधन निवडले ते फॅनझिनचेच. 'बिकिनी किल' हे फॅनझिनचेही आणि वृंदाचेही नाव होते. जुन्या चाहत्यांनी घडविलेले हत्यार नव्या चाहत्यांनी त्यांच्यावरच चालविले. २००९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयात या चळवळीच्या कागदपत्रांचा संग्रह स्थापन झाला. एके काळी झेरॉक्स करून वाटलेली पाने अशा रीतीने संशोधनाची साधने बनली.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. गॅरेज रॉक हा प्रकार त्याच्या चाहत्यांनी पश्चात्दृष्टीने घडविला आणि त्या घडणीत संकलन, सूची व नामकरण ही समीक्षेची कार्ये अंतर्भूत होती. फॅनझिनने वाचक आणि समीक्षक यांच्यातील अंतर कमी केले आणि समीक्षेला पुढच्या निर्मितीचे निमित्त बनविले. या समीक्षेचे सामर्थ्य प्रेमात आहे आणि तिची मर्यादाही तेथेच आहे. ज्या वेळी प्रेम मालकीत रूपांतरित झाले, त्या वेळी परंपरा बंदिस्त झाली. ज्या वेळी चाहत्यांनी आपल्याच आवडीची झडती घेतली, त्या वेळी ती पुन्हा मोकळी झाली.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक विचार पुढे येतो. समकक्षांनी केलेले परीक्षण ही आज विद्याक्षेत्रातील मान्य रीत आहे. फॅनझिनचा लेखकही आपल्या समकक्षांसाठीच लिहीत होता, फरक इतकाच की त्याचे समकक्ष पदवीने ठरत नव्हते, ऐकण्याने ठरत होते. वर्गातील विद्यार्थी जे संगीत आवडीने ऐकतो, त्याविषयी त्याने सूची करावी, तुलना करावी, मत मांडून ते दुसऱ्याच्या मतावर घासून पाहावे, अशी संधी अभ्यासक्रमाने दिल्यास समीक्षेचे शिक्षण त्याच्या आवडीपासूनच सुरू होऊ शकेल. आवड ही समीक्षेची विरोधक नाही, ती तिची पहिली पायरी आहे. मात्र त्या पायरीवरच थांबून चालणार नाही.