जिम मिलरचा नंबर कितवा?

अल क्वोजमधल्या ज्या जिममध्ये मी आठवड्यातून दोनदा जाते, ते मुळात गोदाम आहे. शेजारी गाड्यांचं गॅरेज, मागच्या अंगाला कामगारांची वसतिस्थानं, आणि थोडं चाललं की अलसरकाल अव्हेन्यूची कलादालनं. (मी कोणाशी लढत नाही. पॅडवर ठोसे मारून घाम काढते, बस्स.) तिथला एक कोच चाळिशी ओलांडलेला आहे. संध्याकाळी विशीतली पोरं त्याच्याबरोबर स्पॅरिंगला उतरतात आणि तिसऱ्या फेरीत धापा टाकतात. एकदा एका पोराने फोनवर त्याचं नाव शोधलं आणि सरळ विचारलं, "कोच, तुम्ही कधीच रँक्ड नव्हता?" कोच हसला आणि हाताला पट्टी गुंडाळत राहिला.

क्रमवाऱ्यांवरच्या भागात आपण सगळा वेळ विद्यापीठं आणि शोधपत्रिकांवर घालवला. आपल्या पोटापाण्याचा प्रश्न, त्यामुळे साहजिकच. पण त्या पोराचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मिश्र मार्शल आर्ट्समध्ये मुरलेल्या गड्याची किंमत नक्की कोण ठरवतं, आणि कशावरून?

आधी यादीकडे बघू. यूएफसीची अधिकृत क्रमवारी फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाली. प्रत्येक वजनगटात विजेता आणि त्याच्याखाली पंधरा नावं. मतं देतात ती माध्यमांतली माणसं. ‘चांगला’ म्हणजे काय हे ज्याने त्याने ठरवायचं. आज कोण जिंकेल, की गेल्या दोन वर्षांत कोणी काय केलं? मतं गोळा होतात यूएफसीच्या घरात, आणि लढतीही तीच संस्था लावते. क्रमवारी तिच्यावर बंधनकारक नाही. जॉर्जेस सेंट-पिएर चार वर्षं घरी बसला होता आणि मिडलवेट गटात तो कधी लढलेलाच नव्हता. तरी नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला थेट मायकेल बिस्पिंगपुढे विजेतेपदासाठी उभं केलं. तो जिंकलाही! तिकिटं खपतात तेव्हा यादी बाजूला ठेवता येते, आणि एखाद्याला ‘आधी वर चढून ये’ म्हणायचं असतं तेव्हा तीच पुढे करता येते. माझा पहिला आक्षेप हा आहे.

आता जिम मिलर. २००८ पासून यूएफसीत. सगळ्यात जास्त लढती आणि सगळ्यात जास्त विजय, हे दोन्ही विक्रम २०२४ अखेर त्याच्या नावावर होते. यूएफसी १००, २०० आणि ३०० या तिन्ही कार्यक्रमांत लढलेला तो एकटाच. विजेतेपदाची लढत त्याला कधी मिळाली नाही, आणि गेली कित्येक वर्षं तो पहिल्या पंधरांतही नाही. यादीच्या हिशेबाने तो ‘कोणी नाही’. आता हे चूक आहे का? खरं तर नाही. आज लाइटवेटमध्ये त्याच्यापेक्षा सरस पंधरा जण आहेत हे त्याचा चाहताही मान्य करेल. अडचण अशी की मिलरबद्दल सांगण्यासारखं दुसरं काहीच या यादीला येत नाही. सोळावा आणि एकशे साठावा तिला सारखेच.

यूएफसी २०० मध्ये मिलरने ताकानोरी गोमीला पहिल्याच फेरीत हरवलं. गोमी म्हणजे २००५ मधला जपानच्या ‘प्राइड’चा लाइटवेट विजेता, त्या काळातला दबदबा असलेला माणूस. २०१६ मध्ये त्याचं नाव पोस्टरवर पूर्ण किमतीचं होतं, पण त्याला हरवण्याची किंमत क्रमवारीत जवळजवळ शून्य. ज्येष्ठ फायटरला एकाच रात्री दोन भाव असतात. नावाचा भाव आयोजक वसूल करतो. अंकाचा भाव, तो शिल्लक असेल तर, हरवणारा तरुण घेऊन जातो.

आपल्याकडेही हे घडलं आहे. राज कुंद्रा आणि संजय दत्त यांच्या सुपर फाइट लीगचा पहिला कार्यक्रम मार्च २०१२ मध्ये मुंबईत झाला. मुख्य लढतीला आणला कोण, तर बॉब सॅप. जपानमध्ये गाजलेला अजस्र माणूस, पण तोवर लागोपाठ हरत आलेला. जेम्स थॉम्प्सनविरुद्ध पहिल्याच फेरीत पायाच्या दुखापतीने लढत संपली. भारतीय प्रेक्षकाला या खेळाची पहिली ओळख करून द्यायला निवडलं ते असं नाव! त्याच लीगमधून पुढे आलेला मुंबईचा भरत खंडारे २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला आणि एकोणीस वर्षांच्या साँग यादोंगकडून पहिल्या फेरीत हरला. भारतातली त्याची सगळी कमाई त्या रात्री कोणत्याच तक्त्यात बसत नव्हती.

तक्ता बदलून बघता येतो, आणि यूएफसीने तो एकदा बदललाही. डिसेंबर २०१४ मध्ये रीबॉकशी करार जाहीर झाला, तेव्हा कपड्यांच्या मानधनाचा भाव क्रमवारीवरून ठरणार होता. अंमलबजावणीआधीच, २०१५ मध्ये, तो लढतींच्या संख्येवर नेला. पहिल्या पाच लढतींपर्यंत २,५०० डॉलर, एकवीस किंवा जास्त लढती झालेल्यांना २०,०००, विजेत्याला ४०,०००. म्हणजे सरकारी नोकरीतल्या ज्येष्ठतेसारखं. वरकरणी मुरलेल्या माणसाचा सन्मान. पण त्याच कराराने केजमध्ये स्वतःचे प्रायोजक मिरवण्याची मुभा काढून घेतली, आणि ज्यांचं नाव मोठं होतं त्यांचंच त्यात जास्त गेलं. वर प्राइडसारख्या ठिकाणच्या लढती या हिशेबात धरल्याच नव्हत्या. अनुभव मोजायचा, पण फक्त आमच्या दुकानात मिळवलेला.

पैशाच्या मोठ्या प्रश्नावर फायटर कोर्टात गेले. डिसेंबर २०१० ते जून २०१७ या काळातल्या फायटरांच्या सामूहिक दाव्यात ३७.५ कोटी डॉलरची तडजोड २०२५ च्या सुरुवातीला मंजूर झाली. दावा दाखल झाला होता २०१४ मध्ये. तोवर त्यातले कित्येक जण निवृत्त झाले होते.

कोल्हापूरच्या कुस्तीशी तुलना टाळणं मला शक्य नाही. गणपतराव आंदळकर १९६० मध्ये हिंदकेसरी झाले, पुढे मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी पिढ्या घडवल्या आणि २०१८ मध्ये वारले. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, त्यांचं नाव हिंदकेसरी लावूनच घेतलं जातं. यातून ते आजही सगळ्यांत बलवान आहेत असा दावा कोणी करत नाही. किताब झाल्या गोष्टीची नोंद ठेवतो. आजची जोड वेगळ्या नजरेने लावली जाते. अर्थात उगाच गळा काढायला नको. म्हाताऱ्या मल्लांच्या मानधनाच्या बातम्या आपण सगळे वाचतो, आणि किताबाने औषधाचं बिल भरत नाही. पण नोंद आणि भाकीत या दोन वेगळ्या वह्या आहेत, एवढं तालमीला कळतं.

संख्याशास्त्रालाही कळतं. बुद्धिबळातल्या एलो पद्धतीनंतर मार्क ग्लिकमन यांनी ग्लिको पद्धत मांडली. तिच्यात खेळाडू बराच काळ खेळला नाही तर त्याचे गुण कापत नाहीत, त्या गुणांबद्दलची अनिश्चितता वाढवतात. वर्षाला दोन-तीनच लढती होणाऱ्या खेळात हा फरक किती महत्त्वाचा आहे बघा. पत्रकारांच्या यादीत मात्र गैरहजर माणूस गायब होतो आणि हरलेला खाली ढकलला जातो. "आम्हाला नक्की माहीत नाही" असं म्हणायची सोयच तिच्यात नाही.

ग्लोव्हर टेशेरा आठवा. २०१४ मध्ये तो जॉन जोन्सकडून विजेतेपदाची लढत हरला. पुढे त्याचे आणखी पराभव झाले, आणि २०१८ नंतर त्याची गणना ‘नव्यांची परीक्षा घेणारा’ अशीच होऊ लागली. ३० ऑक्टोबर २०२१ ला, इथून दीड तासावर अबू धाबीत, बेचाळिसाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी त्याने यान ब्लाहोविचला दुसऱ्या फेरीत गळा आवळून हरवलं आणि विजेता झाला. ब्लाहोविच अडतीसचा. शिखरावरच्या दोघांच्या वयाची बेरीज ऐंशी! तोवर ग्लोव्हर यादीत चढून आला होता हे खरं, पण आधीच्या वर्षांत त्याला उतरणीवर टाकणाऱ्यांनी वयाला पुरावा मानलं होतं.

एप्रिल २०२५ मध्ये यूएफसीने मेटाशी भागीदारी जाहीर केली, आणि तेव्हापासून नव्या क्रमवारीची भाषा सुरू आहे. मला यंत्राची भीती वाटत नाही. माझी मागणी साधी आहे. क्रमांकाशेजारी अनिश्चिततेचा पट्टा छापा. प्रतिस्पर्धी त्या रात्री कोणत्या पातळीवर होता ते छापा, म्हणजे २०१६ च्या गोमीला २००५ चा गोमी म्हणून विकता येणार नाही. मत देणाऱ्याने काय मोजलं तेही सांगा. आणि एकूण लढती-विजयांची वही वेगळी ठेवा, तिच्यात जपान धरा, मुंबईही धरा.

त्या पोराला मी यातलं निम्मं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, माउथगार्ड घातला आणि कोचसमोर उभा राहिला.