वेताळाचें कोडें आणि ‘अपूर्व रागंगळ’

आईबापांचा विवाह आणि मुलांचें प्रेम एकाच वेळीं उंबरठ्याशीं येऊन उभीं राहिलीं, तर आधीं कोणास आंत घ्यावें? प्रश्न चमत्कारिक भासला तरी नवा नाहीं. अकराव्या शतकांतील काश्मिरी कवि सोमदेव यानें तो ‘कथासरित्सागरां’त वेताळाच्या तोंडीं घातला आहे. अरण्यांत दोन स्त्रियांचीं पावलें उमटलेलीं पाहून एक पिता व त्याचा पुत्र ठरवितात कीं, मोठ्या पावलांची ती पित्याची, लहान पावलांची ती पुत्राची. प्रत्यक्षांत मोठीं पावलें मुलीचीं निघतात आणि लहान आईचीं! तरी दिलेला शब्द पाळला जातो. आतां या दोघींच्या मुलांचें परस्परांशीं नातें कोणतें? आजवर उत्तरें देणारा राजा येथें निरुत्तर होतो.

हेंच कोडें घेऊन के. बालचंदर यांनीं १९७५ सालीं ‘अपूर्व रागंगळ’ हा तामिळ चित्रपट काढला; १९८४ सालीं ‘एक नई पहेली’ या नांवानें तो हिंदींतहि आणला. बापाशीं न पटल्यामुळें घर सोडलेला प्रसन्न हा वयानें मोठ्या असलेल्या भैरवी या गायिकेवर प्रेम करूं लागतो. इकडे आईवर रुसून निघालेली भैरवीची मुलगी रंजनी प्रसन्नाच्या विधुर पित्याच्या आश्रयास येते व त्यांच्या विवाहाची गोष्ट निघते. दोन्ही विवाह झाले, तर मुलगी आपल्या आईची सासू होईल आणि बाप आपल्याच मुलाचा जांवई!

या कथेंत खलपुरुष कोणी नाहीं, हें आम्हांस तिचें मोठें बळ वाटतें. जोडप्यांत रक्ताचा संबंध नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें निषिद्ध ठरविलेल्या नात्यांतहि तीं बसत नाहींत. मग निषेध करतो कोण? नातें दुहेरी होतें म्हणावें, तर तामिळ समाजांत मामा-भाचीचा विवाह रूढ आहे. आपल्याकडे मामाची मुलगी केली म्हणजे मामीच सासू होते, आणि कोणास नवल वाटत नाहीं. तेव्हां दुहेरीपण हा दोष नव्हे. रूढीनें त्यास नांव दिलेलें नाहीं, एवढाच त्याचा अपराध! ज्यास काय म्हणून हांक मारावी तें ठाऊक नाहीं, त्यास पानावर बसवावयास घर कचरतें.

येथवर दिग्दर्शकाचें धैर्य वाखाणण्याजोगें आहे. शेवट मात्र आम्हांस पटत नाहीं. भैरवीचा सोडून गेलेला पति (रजनीकांत यांची ही पहिलीच भूमिका) मरणोन्मुख होऊन परततो व मरण पावतो. वस्तुतः त्या मृत्यूनें भैरवी मोकळी व्हावयाची. येथें तोच तिचा बंध होतो. मुलगी आईकडे व मुलगा बापाकडे परततो. कोडें सुटलें नाहीं, मोडलें. सोमदेवाच्या राजाचें मौन प्रामाणिक होतें. येथें मौनाच्या जागीं मृत्यूस बोलावून प्रेक्षकांची अडचण दूर केली आहे. त्याची किंमत भैरवीनें भरली, ही गोष्ट आम्ही विसरूं शकत नाहीं.

आज उतारवयांतील विवाहास मुलेंबाळेंहि संमति देऊं लागलीं आहेत. अशा घरांत हा प्रश्न पुनः उभा राहील. त्या वेळीं हांक काय मारावी, हें मागाहून ठरवितां येईल. तुटलेलीं माणसें मात्र मागाहून जोडतां येत नाहींत.