निबंधातला ‘मानव’ आणि वस्तीतला उन्हाळा

गेल्या वर्षी आमच्या तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळांसाठी एक निबंधस्पर्धा झाली. ‘जागतिक तापमानवाढ : कारणे व उपाय’ असा विषय होता. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. एवढ्या अधिकारावर मला परीक्षक म्हणून बोलावण्यात आले. नववी-दहावीच्या मुलामुलींचे शंभराच्या आसपास निबंध मी दोन दिवसांत वाचले, गुण दिले, क्रमांक काढले, शाल-नारळ घेतला आणि घरी आलो. महिनाभराने तो गठ्ठा मी पुन्हा मागवून घेतला. का, ते पुढे येईलच.

शालेय निबंधाला वाङ्मय कोणी म्हणत नाही. समीक्षकांच्या दृष्टीने तर तो अस्तित्वातच नाही. परंतु आपल्या समाजात सर्वांत अधिक लिहिला जाणारा गद्यप्रकार कोणता, असे विचारले तर उत्तर निबंध हेच द्यावे लागेल. ज्याने आयुष्यात एकही कादंबरी वाचलेली नाही, असा माणूससुद्धा पाच-पन्नास निबंध लिहून शाळेबाहेर पडलेला असतो. चारचौघांत, कागदावर, कोणाच्या तोंडाने बोलायचे हे तो तेथेच शिकतो. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे, कारण घरी दुसरा नमुना नसतो.

या निबंधांपैकी बहुतेकांचा कर्ता एकच आहे. कर्ता म्हणजे व्याकरणातला कर्ता. तो ‘मानव’ आहे. मानवाने जंगले तोडली, मानवाने कारखाने उभारले, मानवाच्या हव्यासापायी पृथ्वी तापली आणि आता मानवानेच जागे व्हायला हवे. दोन परिच्छेदांनंतर या मानवाचा ‘आपण’ होतो. आपण मोटारी कमी वापराव्यात, आपण एसीचा मोह टाळावा, आपण खोलीबाहेर पडताना दिवे-पंखे बंद करावेत. हे लिहिणाऱ्यांपैकी बरीच मुले मला तोंडओळखीने ठाऊक आहेत. स्टेशनपलीकडच्या वस्तीतून ती येतात. एका खोलीचे घर, वर पत्रा, एप्रिल-मेमध्ये दुपारी वीज गेलेली. जिथे खोली एक आणि माणसे सात, तिथे ती खोली रिकामी होणार कधी आणि दिवा बंद करणार कोण? एसी त्यांनी पाहिलेला आहे तो एटीएमच्या काचेमागे.

मराठी साहित्यात ‘माणूस’ नावाचा जो कोणी वर्षानुवर्षे सुखदुःखे भोगत होता, तो गावाच्या कोणत्या बाजूला राहतो, पाणी कोणत्या विहिरीचे पितो, हा प्रश्न दलित साहित्याने विचारला. ‘गोलपिठा’ 1972 साली आला, त्यालाही आता अर्धशतक उलटून गेले. तो प्रश्न साहित्यापुरता मिटला असे कोणी म्हणोत. शाळेच्या वर्गात तो अजून पोहोचलेला नाही. तिथे ‘मानव’ सुखरूप आहे.

दोष मुलांचा नाही. पाठातली वाक्ये, मार्गदर्शकातला नमुना, फळ्यावरचे मुद्दे यांची ती प्रामाणिक नक्कल आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे करावे असा आदेश दिला. आदेश योग्यच होता. पण आपल्याकडे सक्तीचा विषय म्हणजे प्रकल्पवही, आणि प्रकल्पवही म्हणजे दुकानात मिळणारी चिकट चित्रे.

बरे, ‘मानव’ राहू द्या. विज्ञान तरी नीट येते काय? दर चार निबंधांतला एक तरी सांगतो की ओझोनच्या थराला भोक पडले, त्यातून ऊन आत शिरले आणि पृथ्वी तापली. ही चूक मी महाविद्यालयीन मुलांत, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर काही शिक्षकांतही पाहिली आहे. ओझोनचा थर अतिनील किरण अडवतो. तो विरळ करणाऱ्या रसायनांवर 1987 च्या माँट्रियल करारानंतर बंधने आली आणि तो हळूहळू सावरतो आहे. तापमानवाढीचे मूळ कारण वेगळे आहे. सूर्याचा प्रकाश हवेतून बराचसा थेट जमिनीवर येतो, जमीन तापते आणि ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने परत फेकते. बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू तिचा काही भाग धरून ठेवतात. हे वायू नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्या सुमारे 15 अंशांऐवजी उणे 18 अंशांच्या आसपास असते. म्हणजे पांघरूण वाईट नाही, ते जाड होत चालले आहे. कारखानदारी वाढण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे 280 भाग होता. 1958 साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू केली तेव्हा तो 315 च्या आसपास होता. आता तो 420 च्या वर गेला आहे.

हे एवढे विस्ताराने लिहिण्याचे कारण आहे. आमच्यातले काहीजण म्हणतात की विज्ञान राहू द्या, सामाजिक आशय सांगा. मला ते पटत नाही. सामाजिक आशय विज्ञानाच्या आतच आहे. हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके तिथेच राहतो. याचा अर्थ आज जे पांघरूण आहे त्यात दीडशे वर्षांपूर्वी मँचेस्टरच्या गिरणीत जळलेल्या कोळशाचाही धागा आहे. वायू साठतो, म्हणून हिशेबही साठतो. आजवरच्या एकूण उत्सर्जनात एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे चतुर्थांश आहे, भारताचा तीन-चार टक्के. ‘कोणी केले’ हा प्रश्न येथे राजकीय पुढारी विचारत नाही, वायूचा गुणधर्म विचारायला लावतो. ओझोनच्या भोकाचा घोटाळा करून ठेवला की ही वाटच बंद होते. भोक काय, कोणालाही कोठूनही पडते.

अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी 1991 साली ‘ग्लोबल वॉर्मिंग इन ॲन अनइक्वल वर्ल्ड’ ही पुस्तिका लिहून हा हिशेब जगापुढे मांडला. अमेरिकेतल्या एका संस्थेने भाताच्या खाचरांतला आणि गुराढोरांचा मिथेन मोटारींच्या धुराच्या ओळीत बसवून भारतालाही मोठा दोषी ठरवले होते. पोटासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन एका तराजूत घालू नका, असे या दोघांनी ठणकावून सांगितले. दहावीच्या मुलाला हे सहज कळेल. मात्र आपल्याला त्यापुढे एक पाऊल जावे लागेल. भारतीय माणूस वर्षाला सरासरी दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि अमेरिकन चौदा-पंधरा टन, हे आपले प्रतिनिधी परिषदांत सांगतात. ते खरेही आहे. पण ही सरासरी म्हणजे पुन्हा तोच ‘मानव’, फक्त आकड्याच्या वेषात. मलबार हिलवरचा बंगला आणि देवनारच्या कचरा डेपोलगतची झोपडी यांची बेरीज करून दोनाने भागले की दोन्ही निष्पाप ठरतात. गरिबाच्या आड लपणे हे या देशातल्या श्रीमंतांना नवीन नाही.

मिथेनवरून आठवले. निबंधात तो एका ओळीचा वायू आहे. आमच्या माणसांना तो वेगळ्या रीतीने ठाऊक आहे. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरलेले कामगार ज्या वायूंमुळे गुदमरून मरतात त्यांत हायड्रोजन सल्फाइडबरोबर मिथेनही असतो. माणसाला असे उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे आणि मृत्यू थांबलेले नाहीत. तसेच पुनर्वापराचे. ‘प्लॅस्टिकचा पुनर्वापर करावा’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक निबंधात आहे, पण तो आज प्रत्यक्षात कोण करतो, हे एकातही नाही. शहरातला कागद, काच, पत्रा खांद्यावरच्या पोत्यातून पुन्हा कारखान्याकडे पाठवणाऱ्यांत दलित बायांची संख्या फार मोठी आहे. पुण्यात त्यांनी 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. ज्या मुलाची आई पहाटे पोते घेऊन निघते तोच मुलगा ‘आपण पुनर्वापराची सवय लावून घेतली पाहिजे’ असे लिहितो, आणि लिहिताना त्याला आई आठवत नाही. किंवा आठवते, आणि तो ती लपवतो.

झाडे लावण्याविषयी फार बोलत नाही. राज्याने 2016 ते 2019 या काळात पन्नास कोटी रोपांचा संकल्प सोडला होता. झाडे हवीतच. पण लावायची जमीन कोणाची, हा प्रश्न दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत विचारला होता, आणि अंगण नसलेल्या मुलाकडून ‘अंगणी एक झाड’ लिहून घेताना तो आठवायला हवा.

आता तो गठ्ठा मी परत का मागवला ते सांगतो. त्यात एका मुलीचा निबंध होता. दीड पान, अक्षर बरे, शुद्धलेखन यथातथा. त्यात ‘मानव’ नव्हता. तिची मावशी आणि काका कोयत्यावर जातात, म्हणजे मुकादमाकडून उचल घेऊन ऊस तोडायला. मार्च लागला की ऊन सोसवत नाही म्हणून टोळी रात्री तीनलाच फडात उतरते, अंधारात मावशीच्या पायावर कोयता लागला, दुपारी खोपीत पालाच्या आत बसवत नाही आणि बाहेर सावली नाही, असे तिने लिहिले होते. पुढे वस्तीतला टँकर, मग पत्रा. शेवटी एक वाक्य : रात्री पण गरम होते, म्हणून आजी दारात झोपते आणि आजी दारात झोपली की मला भीती वाटते.

या निबंधाच्या समासात लाल शाईने एक शब्द लिहिला होता : ‘विषयांतर’. अक्षर माझे होते.

मी पहिला क्रमांक दिला तो निबंध सुभाषितांनी सुरू होऊन ‘वसुंधरा मातेच्या’ आर्त हाकेने संपत होता. त्यात ओझोनही होता. माझी आजी 1972 च्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडत होती. गावातल्या विहिरीला पाणी असूनही आमच्या बायकांना ते वरून ओतून घ्यावे लागे, हे मी तिच्या तोंडून ऐकत वाढलो. दलित आत्मकथनांवर मी वर्गात तास घेतो. आणि तरीही तापमानवाढीवर एक मुलगी अनुभवाने लिहिते तेव्हा मला ते विषयांतर वाटले. विषय कोणता आणि विषयांतर कोणते हे ठरवणारी नजर मी पदवीबरोबर कोठून तरी उचलून आणली होती. आमच्या पहिल्या लेखकांच्या हस्तलिखितांवरही संपादकांनी हाच शेरा वेगळ्या शब्दांत मारलेला असणार.

उष्णतेचा मारा शरीरावर कसा होतो हे त्या मुलीच्या दीड पानात, शास्त्राच्या कसोटीलाही, अधिक नेमके होते. घाम वाळतो म्हणून अंग निवते. हवा दमट असली की घाम वाळत नाही. आणि रात्र थंड झाली नाही तर दिवसाचा शीण शरीर फेडू शकत नाही. उष्णतेच्या लाटेत वृद्ध का दगावतात याचे एक कारण या रात्रींत आहे. 2010 च्या लाटेनंतर अहमदाबादेने 2013 साली उष्णतेसाठी कृती आराखडा केला, तेव्हा झोपडपट्टीतले आणि उघड्यावर राबणारे लोक त्याच्या केंद्राशी ठेवावे लागले. म्हणजे अभ्यासक जिथे पोहोचले तिथे ही पोर आजीच्या काळजीने आधीच उभी होती. तिला गरज होती ती कोणीतरी वरचे विज्ञान तिच्या हाती देण्याची. मी तिला शेरा दिला.

चळवळीतल्या मित्रांना हे सांगितले तेव्हा एकजण म्हणाला, हे पर्यावरणाचे खूळ पांढरपेशांचे आहे, आपल्याला अत्याचार, आरक्षण, नोकऱ्या एवढे प्रश्न पुरेत. ही भूमिका मला आत्मघातकी वाटते. 20 मार्च 1927 रोजी महाडला आपण पाण्याकडेच चालत गेलो होतो. 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेत लक्ष घातले ते पूर, पाणी आणि वीज हे आपले प्रश्न मानूनच. पांढरपेशांनी विषय आधी उचलला म्हणून तो त्यांचा होत नाही. आणखी एक : ‘आम्ही प्रदूषण केले नाही’ एवढ्यावर थांबणेही पुरेसे नाही. ऊन हिशेब पाहून येत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. ते शहरात पोहोचल्यावर कोणत्या वस्तीत किती दिवसांनी आले, हे विचारायला शिकलेली पोरे आपल्याकडे असायला हवीत. त्यांना पांघरुणाचे शास्त्रही आले पाहिजे आणि टँकरचेही.

त्या मुलीच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंशी मी बोललो. बाई उत्साही आहेत, पण पाठ पुरा करण्याच्या धाकात असतात. आम्ही वर्गणीतून चार साधे तापमापक घेतले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून मुलांनी दुपारी दोन वाजता पारा पाहायचा : एक तापमापक पत्र्याखाली, एक स्लॅबच्या घरात, एक शाळेच्या वऱ्हांड्यात, एक कडुनिंबाच्या सावलीत. वहीत तारीख, वेळ, अंश. सगळ्या जागा एकाच गावात, एकाच उन्हाखाली, आणि पहिल्याच आठवड्यात मुलांच्या ध्यानात आले की पत्र्याखालचा पारा नेहमी वर राहतो. स्लॅबच्या घरातला मुलगा पहिल्यांदाच पत्र्याच्या घरात आकडा लिहायला गेला, तिथे पाणी प्यायला का नाही यावर थोडी कुजबुज झाली, तीही बाईंनी वहीत नोंदवून घेतली.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी म्हणाली, “सर, दोन वाजता तर आम्ही शाळेत असतो. रात्रीचे कोण लिहिणार?” वहीत तेवढा रकाना नव्हता. बाईंनी पट्टी घेऊन उजव्या बाजूला आणखी एक ओढला, आणि पत्र्याखालचा तापमापक तिच्या घरी गेला.