पंख असलेले मजूर

पाँपेईच्या भित्तिचित्रांविषयी कलेच्या पुस्तकांतून मी जे वाचले त्यात लाल रंगाचे कौतुक पुष्कळ होते. मला प्रश्न वेगळाच पडतो. या शहरात राबत कोण होते, आणि चित्रात ते कोठे आहेत?

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलेले हे शहर १७४८ पासून उकरले जात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे वेत्ती यांचे घर सापडले. दीर्घ दुरुस्तीनंतर जानेवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. त्याच्या मोठ्या दालनातल्या चित्रपट्टीत सोनार आहेत, अत्तर करणारे आहेत, कापड धुणारे आहेत. पण माणूस म्हणावा असा कामगार त्यांत नाही. सारी कामदेवाची गुटगुटीत, पंख असलेली पोरे! रोमन काळात कापड धुणारे हौदात उभे राहून मुताने कापड तुडवीत. चित्रात तो वास नाही, घाम नाही, भेगाळलेले पाय नाहीत.

माझे वडील कातडी कमावीत. चुन्याचा आणि बाभळीच्या सालीचा वास माझ्या वह्यांनाही येई. म्हणून ही चित्रे मला सुंदर दिसतात आणि खोटीही दिसतात. हा दोष कलाबाह्य म्हणून बाजूला सारता येणार नाही, कारण चित्राचा विषयच श्रम आहे.

याच शहराबाहेर, चिव्हिता जुलियाना येथील एका वाड्यात, २०२१ मध्ये गुलामांची खोली सापडली. सुमारे १६ चौरस मीटरची. तीन खाटा, त्यांतली एक जेमतेम १.४० मीटर लांब, बहुधा लेकराची. कोपऱ्यात रांजण. भिंतींवर चित्र नाही. लाकूड कुजून राहिलेल्या पोकळीत प्लास्टर ओतले तेव्हा खाटांचा आकार हाती आला. चिताऱ्याने जे टाळले ते राखेने जपले.

परंतु वेत्ती स्वतःच एकेकाळचे गुलाम होते, असे अनेक अभ्यासक मानतात. येथे माझी लेखणी अडखळते. जन्मजात मालकाने श्रमाला पंख लावले तर त्याला दोषी धरणे सोपे. राबलेल्यानेच लावले तर? रोममध्ये मुक्त झाल्यावर जन्मलेला मुलगा स्वतंत्र मानला जाई. आपल्याकडे जात पदवीनेही सुटत नाही. हा फरक ध्यानात घेऊनही प्रश्न उरतोच.

माझ्या नव्या घराच्या बैठकीत पाणवठ्यावरच्या बायकांचे एक सुबक चित्र आहे. वडिलांची कातडे खरवडायची सुरी ट्रंकेत आहे. पाहुण्यांपुढे ती नको, असे मला वाटले होते, हे येथे कबूल करतो. आपल्या कथा-कवितांतही अशी माणसे दिसू लागली आहेत. ती दुःख भोगतात, पण काय काम करतात ते कळत नाही. यापुढे माझ्या आणि माझ्या मित्रांच्या लेखनाला मी एवढेच विचारणार आहे : यात हौद कोठे आहे?