समुद्रावरचे गोड : सुरतेच्या किनाऱ्यापासून क्रूझच्या बुफेपर्यंत

क्रूझ, म्हणजे पोहोचण्यापेक्षा राहण्याखाण्यासाठी केलेली सागरी सफर, हा प्रकार भारतीय किनाऱ्यावर अलीकडे रुळला असला तरी जहाजावर खाल्ल्या जाणाऱ्या गोड पदार्थांचा इतिहास त्याहून पुष्कळ जुना आहे. आणि त्या इतिहासाचे परीक्षण करायचे तर ‘जहाजावर काय मिळते’ याआधी ‘जहाजावर काय टिकते’ हा प्रश्न विचारावा लागतो. खारा दमट वारा, मर्यादित गोडे पाणी, सतत हलणारी जमीन आणि आगीची धास्ती या चार अटी समुद्राने हलवायावर कायम लादल्या आहेत. पूर्वी या अटींमुळे समुद्रात नेण्याजोग्या मिठायांची एक वेगळी जातच किनाऱ्यावर तयार झाली. आजच्या क्रूझवर मात्र शीतगृह आणि वातानुकूलन यांच्या बळावर त्या अटी बाजूला सारल्या गेल्या असून, त्यांबरोबर ती जातही मेनूतून मागे पडली आहे.

हा बदल तपासायला दक्षिण गुजरातेतील सचिन आणि त्याच्या आसपासचा टापू सोयीचा ठरतो. सुरत आणि नवसारी यांच्या मध्ये, मुंबईच्या लोहमार्गावर असलेले सचिन आज ओळखले जाते ते तेथील औद्योगिक वसाहतीमुळे आणि तिच्या कारखान्यांत राबणाऱ्या, जळगाव-धुळे-नंदुरबारकडून आलेल्या मोठ्या मराठी वस्तीमुळे. परंतु या गावाचे नाव इतिहासात आले ते समुद्रामार्गे. मोगलांच्या आरमाराची आणि हजयात्रेच्या जहाजांच्या संरक्षणाची जबाबदारी वाहणाऱ्या जंजिऱ्याच्या सिद्दींपैकी बाळू मियां याने १७९१ साली पेशव्यांशी करार करून जंजिऱ्यावरील आपला हक्क सोडला आणि त्याच्या बदल्यात सचिनची जहागीर मिळवली. पेशव्यांना जंजिरा काही अखेरपर्यंत हाती लागला नाही, सचिनचे संस्थान मात्र १९४८ पर्यंत टिकले. सचिनहून वायव्येला, तापीच्या पलीकडे, हजिऱ्याच्या किनाऱ्यावर सुवाळी आहे. तापीच्या मुखातील गाळामुळे मोठी युरोपीय जहाजे सुरतेपर्यंत येत नसत. ती येथेच नांगर टाकीत. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो येथेच उतरला. आज सौराष्ट्रातील घोघ्याकडे जाणारी रो-पॅक्स फेरी, म्हणजे माणसे आणि वाहने दोन्ही वाहणारे जहाज, सुटते तेही या हजिऱ्याहूनच.

जेथे शेकडो माणसांचा महिनोन्‌महिन्यांचा शिधा भरला जाई, तेथे सुक्या गोडाचा धंदा वाढला यात नवल नाही. नानखटाईची सुरती हकिकत सर्वश्रुत आहे : डच वखारीतील भट्टी वखारवाल्यांच्या जाण्यानंतर दोतीवाला नावाच्या पारशाकडे आली, पावाला ताडीचे आंबवण असल्याने स्थानिक गिऱ्हाईक तो घेईना, शिळा वाळलेला पाव मात्र लोकांना आवडू लागला, आणि त्यातून पुढे ताडी व अंडे वगळून तूप, साखर आणि मैदा यांची खुसखुशीत नानखटाई घडली. या कथेचा तपशील परंपरेने आलेला आहे आणि त्यात दुकानदारीचा थोडा अंश असणार. तरी तिच्यामागचे तंत्र खरे आहे. पदार्थातील पाणी घालवले की तो टिकतो, हे तत्त्व युरोपीय खलाशांच्या दोनदा भाजलेल्या कडक बिस्किटात होते आणि नानखटाईतही आहे. फरक एवढाच की बिस्किटाने दात हलत आणि नानखटाई तोंडात विरघळते. उत्तरेकडे खंभातच्या बंदरातही याच तत्त्वावरचे हलवासन प्रसिद्ध झाले. नासवलेल्या दुधात गव्हाचा रवा, डिंक, साखर आणि जायफळ घालून ते मिश्रण तांबूस होईपर्यंत आटवतात व त्याच्या चपट्या टिकल्या थापतात. दूध असूनही हा पदार्थ बरेच दिवस राहतो, कारण त्यातील दुधाचे दूधपण जवळजवळ संपलेले असते. सुतरफेणीला मात्र हेच खारे हवामान वैरी. तिचे केसासारखे तंतू दमट हवेत तासाभरात मान टाकतात, म्हणून ती घट्ट डब्यातूनच प्रवास करते.

महाराष्ट्रात समुद्रप्रवासाच्या गोडाला आणखी एक अट होती, ती सोवळ्याची. पाण्यात शिजवलेले अन्न प्रवासात विटाळते, दुधातुपात केलेले विटाळत नाही, या समजुतीमुळे पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या दशम्या, तुपातले लाडू आणि सुका खाऊ एवढीच शिदोरी कर्मठ प्रवाशाला चाले. मुळात समुद्रपर्यटनच निषिद्ध मानणाऱ्या समाजात ज्यांनी ते केले त्यांना जहाजाच्या स्वयंपाकघरावर विश्वास ठेवणे अवघड गेले. मोहनदास गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने विलायतेस निघाले, तेव्हा काटेचमचे धरता येत नसल्यामुळे आणि पदार्थ मांसविरहित आहे का हे विचारण्याचा धीर नसल्यामुळे ते आपल्या केबिनमध्येच, मुख्यतः बरोबर नेलेल्या मिठाईवर आणि फळांवर राहिले, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. काठेवाडच्या एका विद्यार्थ्याला समुद्र ओलांडताना घरच्या मिठाईचा असा आधार झाला, ही गोष्ट पाकशास्त्राच्या इतिहासकारांनी जेवढी ध्यानात घ्यायला हवी तेवढी घेतलेली दिसत नाही.

त्याच सुमाराला जहाजाच्या वरच्या वर्गात वेगळेच गोड वाढले जात होते. वाफेच्या बोटींवर बर्फघर आले आणि त्याबरोबर आइस्क्रीम, जेली व क्रीमचे पदार्थ खोल समुद्रात शक्य झाले. ‘टायटॅनिक’वर १४ एप्रिल १९१२ च्या रात्री पहिल्या वर्गाला वॉल्डॉर्फ पुडिंग, शार्त्रज या मद्याच्या जेलीतील पीच, एक्लेअर आणि फ्रेंच आइस्क्रीम होते, तर दुसऱ्या वर्गाला प्लम पुडिंग. गोडावरून प्रवाशाचा वर्ग सांगता यावा, इतकी ही उतरंड स्पष्ट होती. हिंदुस्थानच्या मार्गावरील बोटींवर हे पदार्थ करणारे आणि वाढणारे हात मात्र पुष्कळदा गोव्याचे असत. गोव्याचा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा दर्यावर्दी, मुंबईत धोबीतलाव-माझगावच्या ‘कुडां’त, आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या सामायिक निवासांत, उतरून बोटीची वाट पाही, भरती झाली की खानसामा, बेकर किंवा वाढपी म्हणून दोनदोन वर्षे समुद्रात काढी. त्याने साहेबाचे कॅरॅमल पुडिंग आणि ट्रायफल गावी आणून लग्नाच्या मांडवात बसवले. गोव्याची बेबिंक मात्र उलट दिशेने, त्याच्या पेटीतून, बोटीवर जाई. अंड्याचा बलक, नारळाचे दूध, साखर, मैदा आणि तूप यांचा एकेक थर वरून निखारे देऊन भाजत रचलेली ही मिठाई शीतकपाटाशिवाय कित्येक दिवस टिकते. समुद्रात नेण्यासाठीच जन्मली असावी असा हा पदार्थ बोट-कंपन्यांच्या मेनूवर चढायला मात्र फार वर्षे लागली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रवासी विमानाकडे वळले आणि बोटी सहलीसाठी उरल्या, तेव्हा गोडाला नवीन काम मिळाले : तमाशा उभा करण्याचे. क्रूझची ‘पारंपरिक’ मिठाई म्हणून जगभर जिचे नाव घेतले जाते ती बेक्ड अलास्का याच काळात समुद्रावर प्रस्थापित झाली. केकच्या पायावर आइस्क्रीम, त्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस, आणि तो फेस वरून भाजलेला असा हा पदार्थ एकोणिसाव्या शतकात जमिनीवरच लोकप्रिय झाला होता. परंतु सफरीच्या अखेरच्या रात्री दिवे मालवून वाढप्यांनी पेटत्या अलास्कांची मिरवणूक काढायची, हा विधी जहाजांचा. आता बहुतेक ठिकाणी ज्वाळेच्या जागी विजेवर चालणाऱ्या मेणबत्त्या आल्या आहेत आणि कित्येक कंपन्यांनी मिरवणूकच बंद केली आहे. मध्यरात्रीच्या भव्य बुफेचेही तेच झाले. बर्फाचे हंस, कोरलेली कलिंगडे आणि साखरेचे महाल मांडणारा हा बुफे खर्च, नासाडी आणि बदललेल्या सवयी यांपायी ओसरला.

आगीच्या भीतीइतकाच मोठा परिणाम आरोग्यनियमांनी केला आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९७५ पासून जहाजांच्या स्वच्छतेचा जो कार्यक्रम चालवला आहे, त्यानुसार नाशवंत थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअसखाली आणि गरम पदार्थ ५७ अंशांवर ठेवावे लागतात, तापमानाऐवजी वेळेवर नियंत्रण ठेवायचे असल्यास चार तासांनंतर ते फेकून द्यावे लागतात, आणि कच्च्या अंड्याच्या पदार्थांत निर्जंतुक केलेलीच अंडी वापरावी लागतात. हे नियम अमेरिकी बंदरांवर येणाऱ्या जहाजांचे असले तरी जगभरच्या क्रूझ-कंपन्यांची कार्यपद्धती त्यांच्यावर बेतलेली आहे. नियम योग्यच आहेत. परंतु त्यांनी गोडाचे दोन कप्पे पाडले, एक बर्फासारख्या थंडाचा आणि दुसरा वाफाळत्याचा. आपल्या हलवायाची अर्धी विद्या या दोहोंच्या मधल्या जागेत, खोलीच्या हवेत मुरणाऱ्या, तूप पाझरणाऱ्या, दुसऱ्या दिवशी अधिक चवदार होणाऱ्या पदार्थांत सामावलेली आहे, आणि त्या मधल्या जागेला जहाजाच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, कप्पाच उरला नाही.

भारतीय क्रूझची परिस्थिती या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली, २०१९ मध्ये ‘कर्णिका’ आली आणि वर्षभरातच गेली, आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघू लागली. ‘कर्णिका’ आणि ‘एम्प्रेस’ या दोन्ही १९९० साली परदेशी कंपन्यांसाठी बांधलेल्या बोटी. त्यांची स्वयंपाकघरे ओव्हनच्या आणि शीतकपाटांच्या हिशेबाने आखलेली, त्यांत कढईपेक्षा ट्रेला मान अधिक. येथे वाढले जाणारे देशी गोड म्हणजे मुख्यतः गुलाबजाम, रसमलाई, गाजराचा किंवा मुगाच्या डाळीचा हलवा, खीर आणि फिरनी. ही निवड चवीची नसून सोयीची आहे. गुलाबजाम पाकात बुडवून तासन्‌तास गरम ठेवता येतात, रसमलाई थंड कप्प्यात बसते, हलवा पुन्हा तापवता येतो. परंतु सतत ऊब दिलेल्या पाकात गुलाबजामचा मधला दाणा मऊ पडतो, कडा फुगतात आणि चमच्याने उचलताच तो दुभंगतो. खव्याचा कसदारपणा जाऊन नुसती गोड ओल उरते. जिलेबीचे तर आणखी वाईट. तिचे सारे सौंदर्य कढईतून पाकात आणि पाकातून थेट ताटलीत येण्याच्या त्या दोन मिनिटांत असते, आणि खोल तेलात तळण्यावर जहाजात तापमाननियंत्रक व अग्निशमनाची कडक बंधने असल्याने ती अनेकदा आधीच तळून मांडली जाते. खानदेशी मांड्यांचा तर विचारच नको. उलट्या खापराखाली धगधगते सरपण कोणताही कप्तान पेटवू देणार नाही.

या उणिवेवर उतारा म्हणून ‘फ्युजन’ आले आहे : गुलाबजामचे चीजकेक, रसमलाईचा ट्रेस लेचेस, मोतीचुराचा थर दिलेला काचेचा छोटा पेला. यांतले काही चांगले जमते. रसमलाई आणि दुधात भिजवलेला केक यांची जात एक असल्याने ती जोडी सुखाने नांदते. मोतीचूर मात्र क्रीमखाली पाणी ओढून चिकट होतो आणि तेथे नावापुरताच उरतो. अशा पेल्यांचे खरे कारण रसिकतेपेक्षा मोजमापात आहे, कारण माप लहान केले की नासाडी कमी होते. ते मान्य करूनही असे म्हणावे लागते की यातून पदार्थ शिल्लक राहण्याऐवजी त्याची जाहिरात शिल्लक राहते.

एका बाबतीत मात्र भारतीय क्रूझने पेस्ट्रीच्या कलेत खरी भर घातली आहे. गुजराती आणि जैन प्रवासी हा येथील मोठा ग्राहकवर्ग असल्यामुळे अंड्याविना स्पंज, जिलेटिनऐवजी चायना ग्रासची, म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेल्या अगारची, जेली, आणि कंदमुळे वर्ज्य असल्याने गाजराच्या जागी दुधीचा हलवा, ही तंत्रे गॅलीत पक्की बसली. नानखटाईने सुरतेत दीडदोनशे वर्षांपूर्वी जे केले तेच हे. परका पदार्थ येथील पथ्याला वाकवायचा. असे वाकवताना बेकर डोके लढवतो, म्हणून हे काम तयार मिठाईवर क्रीमची फुले काढण्यापेक्षा वरच्या प्रतीचे आहे.

उरतो तो सुरतेच्या घारीचा प्रश्न. खवा, पिस्ते-बदाम, वेलदोडा आणि साखर यांचे सारण मैद्याच्या पातळ पारीत भरून घारी तुपात तळतात आणि थंड झाल्यावर घट्टसर तुपाचे जाड लिंपण देतात. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चंदनी पडव्याला, अख्खे सुरत ती भुसू नावाच्या तिखट फरसाणाबरोबर खाते. १८५७ च्या उठावातील सैनिकांसाठी ती प्रथम झाली, अशी आख्यायिका तात्या टोप्यांच्या नावाशी जोडली गेली आहे. लिंपणाचे तूप सारणाला हवेपासून वाचवते, म्हणजे ही मिठाई आपले वेष्टन अंगावर घेऊनच येते. पण ५ अंशांच्या कप्प्यात ते तूप मेणासारखे पांढरे, कडक होते, टाळूला चिकटते आणि वेलदोड्याचा वास कोंडून ठेवते. घारी वाईट नसते, जागा वाईट असते. खवा नाशवंत असल्याने तिला उघड्यावर ठेवण्याचा आग्रह धरणेही चूक ठरेल. म्हणून क्रूझवर तिचा हट्ट न धरणे हेच शहाणपणाचे.

नानखटाई, हलवासन, बेबिंक आणि पाकातले कोरडे लाडू यांना मात्र अशी कोणतीही अडचण नाही. त्यांना ना बर्फ लागतो ना शेगडी. मेजावर ठेवलेल्या बरणीतही ते कित्येक दिवस उत्तम राहतात. याचे प्रत्यंतर या किनाऱ्यावर आजही मिळते. हजिरा-घोघा फेरी ८ नोव्हेंबर २०२० पासून सुरू आहे. रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटरचे अंतर तिने समुद्रातून ९० वर आणले आणि दहाबारा तासांचा प्रवास चारेक तासांवर आला. पुढे २०२१ मध्ये हजिऱ्याहून दीवची क्रूझही निघाली. गुजरातेत दारूबंदी आणि दीवला नाही, तेव्हा त्या सफरीच्या लोकप्रियतेत मिठाईचा वाटा किती, हे न विचारलेले बरे. पण सचिन आणि आसपासची जी कुटुंबे सणासुदीला या फेऱ्यांतून सौराष्ट्राकडे जातात, त्यांच्या पिशवीत अजूनही घरचा लाडू आणि सुरतेच्या दुकानातली नानखटाई असते. जहाज-कंपन्यांच्या मेनू आखणाऱ्यांनी एकदा या पिशव्यांत डोकावावे आणि आपल्या बुफेवर सुक्या मिठाईचे एक मेज, नीट पदार्थनावे व गावनावे लिहून, कायमचे मांडावे. त्यासाठी नवीन यंत्र लागणार नाही, सुरत, खंभात आणि मडगावच्या चार चांगल्या कारागिरांशी व्यवहार ठरवावा लागेल.